ढोबळ नफा: मंडईच्या गाळ्यांतला आणि वीज-तेलाच्या कंपन्यांतला

पुण्याच्या मंडईंत सकाळीं पिशवी घेऊन शिरणाऱ्या गृहस्थाच्या डोक्यावर १८८६ सालीं उभ्या राहिलेल्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा असतो, आणि जवळच, जमिनीच्या पोटांत, २०२४ च्या सप्टेंबरांत सुरू झालेलें मेट्रोचें मंडई स्थानक असतें. वर गाळ्यांवर कांद्याची विक्री चालते. खालीं विजेच्या जोरावर गाडी धांवते. कांद्याचा भाव किलोमागें दोन रुपये चढला तर हा गृहस्थ विक्रेत्याशीं हुज्जत घालतो, कारण तेथला हिशेब त्याला अंदाजानें कां होईना समजतो. विजेचें बिल चढलें किंवा पेट्रोल महागलें म्हणजे मात्र ‘कंपन्या लुटतात’ एवढें म्हणून तो गप्प बसतो. आणि गंमत अशी कीं, त्याच कंपनीचे भाग विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे ‘कंपनी चांगला नफा करते’ ह्या ऐकीव वाक्यावर भरंवसा ठेवून निवृत्तीच्या पुंजींतील रक्कम तो तिच्या स्वाधीन करतो. दोन्ही वेळीं त्याच्या तोंडीं शब्द एकच असतो, ‘नफा’. पण कोणता नफा, हा प्रश्न दोन्ही वेळीं विचारावयाचा राहून जातो.

तो प्रश्न विचारण्याचा अभ्यास मंडईंतच करणें सोयीचें. एका गाळेवाल्यानें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतून १०० किलो कांदा २० रुपये भावानें घेतला असें धरावें. मालाचे २,००० रुपये झाले. हमाली आणि टेंपोचें भाडें मिळून आणखी १६० रुपये गेले. म्हणजे माल गाळ्यावर येऊन पडेपर्यंत २,१६० रुपये खर्च झाला. त्यांतील १० किलो कांदा सडका, ओला किंवा बारीक निघाला. व्यापारी भाषेंत ही ‘घट’. उरलेला ९० किलो कांदा ३० रुपयांनीं विकला गेला आणि गल्ल्यांत २,७०० रुपये आले. विक्रीच्या ह्या २,७०० रुपयांतून मालाचे २,१६० रुपये वजा केले कीं ५४० रुपये राहतात. हा ढोबळ नफा होय. तो विक्रीच्या शेंकडा २० पडतो. ह्यालाच ढोबळ नफ्याचें प्रमाण म्हणतात.

येथेंच पहिली गफलत होते. गाळेवाला स्वतः बहुधा खरेदीवर हिशेब करतो. २,१६० वर ५४० सुटले, म्हणजे शेंकडा २५. कंपन्यांचे हिशेब वाचणारे लोक विक्रीवर हिशेब करतात. त्यांच्या लेखीं हेच ५४० रुपये शेंकडा २० होत. रक्कम तीच, पण भागाकार निराळा. दोन माणसें एकाच धंद्याविषयीं दोन आंकडे सांगूं लागलीं, तर त्यांतलें एक खोटें बोलतें असें समजण्यापूर्वीं कोणी कशानें भागलें हें पाहावें.

दुसरी गफलत अधिक महाग पडते. हे ५४० रुपये गाळेवाल्याच्या घरीं जात नाहींत. गाळ्याचें भाडें, दिवाबत्ती, हाताखालच्या पोऱ्याचा रोज आणि उसन्या भांडवलाचें व्याज मिळून ४०५ रुपये गेले, तर त्याच्या हातीं १३५ रुपये राहतात. हा निव्वळ नफा. विक्रीच्या शेंकडा ५. ‘मंडईवाला शेंकडा २५ खातो’ असें म्हणणारा आणि ‘त्याला शेंकडा ५ सुद्धां मुष्किलीनें सुटतात’ असें म्हणणारा, हे दोघेहि एकाच वहींतून बोलत असतात. ढोबळ नफा माल आणि विक्री ह्यांतील अंतर दाखवितो. धंद्याचा डोलारा उभा ठेवण्यास काय पडतें, तें दाखवीत नाहीं.

आतां हीच मोजपट्टी वीज आणि तेल ह्यांच्या धंद्याला लावावयाची. ‘ऊर्जेची कंपनी’ हा शब्द मंडईंतल्या ‘व्यापारी’ ह्या शब्दासारखाच सैल आहे. मळेवाला, आडत्या आणि गाळेवाला हे तिघेहि भाजीच्याच धंद्यांत असतात. पण त्यांच्या नफ्याची तुलना कोणी करीत नाहीं. ऊर्जेच्या धंद्यांतहि जमिनींतून तेल काढणारा एक, तें शुद्ध करून विकणारा दुसरा, वीज उत्पन्न करणारा तिसरा, आणि ती घरोघर पोंचविणारा चौथा असतो. ह्या चौघांच्या ढोबळ नफ्याचीं प्रमाणें मुळांतच निराळीं असावयाचीं.

मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत १९७४ सालीं बाँबे हायचें तेलक्षेत्र सांपडलें आणि १९७६ पासून तेथून तेल निघूं लागलें. तेलाची विहीर एकदां वाहूं लागली म्हणजे प्रत्येक पिंप वर आणण्याचा चालू खर्च बाजारभावाच्या मानानें थोडा असतो; म्हणून तेल काढणाऱ्या कंपनीचें ढोबळ प्रमाण डोळे दिपविणारें दिसतें. परंतु ज्या विहिरींतून कांहींच निघालें नाहीं त्यांचा खर्च, समुद्रांतील मंचांची झीज, सरकारचें स्वामित्वधन आणि उपकर, हें सारें त्यांतूनच भागवावें लागतें. जलविद्युत् केंद्राची गोष्ट अशीच आहे. टाटांचें खोपोलीचें केंद्र १९१५ त, भिवपुरीचें १९२२ त आणि भिऱ्याचें १९२७ त सुरू झालें. सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या पाण्यासाठीं कोळशासारखें खरेदीचें बिल येत नाहीं. ‘माल’ जवळजवळ फुकट, म्हणून ढोबळ नफा भरघोस. पण धरणें, डोंगरावरून उतरणारे प्रचंड नळ आणि जनित्रें उभारण्यास जें भांडवल आधींच गाडलें गेलें, त्याचें व्याज व घसारा ढोबळ नफ्याच्या रेषेखालीं वाट पाहत उभे असतात. आजच्या सौर आणि पवनविद्युत् केंद्रांनाहि हाच न्याय लागू आहे. उलट कोळशावर चालणाऱ्या केंद्राला दररोज माल विकत घ्यावा लागतो. त्याचें ढोबळ प्रमाण कमी दिसतें. एवढ्यावरून पाण्याचें केंद्र हुषार आणि कोळशाचें केंद्र नालायक असा निकाल देणें म्हणजे मळेवाल्याला बी-बियाण्यापलीकडे माल घ्यावा लागत नाहीं म्हणून तो गाळेवाल्यापेक्षां श्रीमंत, असें ठरविण्यासारखें आहे.

ह्या धंद्यांत शेंकडेवारीचीहि एक खोड आहे. एखाद्या कंपनीनें एक लिटर तेल ४० रुपयांना घेतलें आणि ५० ला विकलें, तर ढोबळ नफा १० रुपये, म्हणजे विक्रीच्या शेंकडा २०. पुढें कच्चें तेल महागलें. खरेदी ९० वर गेली आणि विक्री १०० वर. नफा पूर्वींचाच, १० रुपये. पण प्रमाण शेंकडा १०. कंपनीची कार्यक्षमता तसूभरहि कमी झाली नाहीं, तरी आंकडा निम्म्यावर आला. जुलै २००८ मध्यें कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत चढला होता, आणि एप्रिल २०२० मध्यें अमेरिकेंतील वायद्याच्या बाजारांत तो एक दिवस शून्याच्याहि खालीं उतरला. मालाचा भाव असा हेलकावत असतां शेंकडेवारी जहाजावरच्या लंबकाप्रमाणें डोलत राहते. म्हणून जाणते लोक ह्या धंद्यांत पिंपामागें किती डॉलर सुटले किंवा युनिटमागें किती पैसे सुटले, असें विचारतात. शिवाय आपल्याकडील तेल-कंपन्यांच्या विक्रीच्या आंकड्यांत सरकारचें उत्पादनशुल्कहि मिळविलेलें असतें, आणि तेंच पुढें खर्चाच्या बाजूस दाखवितात. कर वाढला कीं विक्री फुगते आणि नफ्याचें प्रमाण रोडावतें. धंदा मात्र होता तेथेंच असतो.

शुद्धीकरणाच्या धंद्यांत पिंपामागें सुटणाऱ्या ह्या रकमेला ‘ढोबळ शुद्धीकरण-अंतर’ म्हणतां येईल. कच्च्या तेलाच्या एका पिंपांत सुमारें १५९ लिटर तेल असतें. त्यापासून निघालेलें पेट्रोल, डिझेल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस, डांबर इत्यादिकांची एकंदर किंमत घेऊन तींतून कच्च्या तेलाची किंमत वजा केली कीं हें अंतर निघतें. हा आंकडा वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापला जातो आणि भागांचे भाव त्यावर हालतात. तो किती फसवा ठरूं शकतो ह्याचा धडा २०२२ च्या उन्हाळ्यानें दिला.

त्या वर्षीं युक्रेनच्या युद्धानंतर कच्चें तेल शंभर डॉलरांच्या वर गेलें आणि डिझेलचे जागतिक भाव त्याहूनहि वेगानें चढले. एप्रिल ते जून ह्या तिमाहींत इंडियन ऑईल कंपनीचें शुद्धीकरण-अंतर पिंपामागें ३१.८१ डॉलर, भारत पेट्रोलियमचें २७.५१ डॉलर आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचें १६.६९ डॉलर होतें. एरव्हीं दहा डॉलर सुटले तरी ह्या धंद्यांत समाधान मानतात. एवढ्या आंकड्यांवरून पाहणाऱ्याला वाटलें असतें कीं तिन्ही कंपन्यांच्या घरीं दिवाळी आहे. प्रत्यक्षांत तिघींनाहि तोटा झाला. तो मिळून १८,००० कोटी रुपयांहून अधिक होता, आणि त्यांतील १०,००० कोटींच्या वर एकट्या हिंदुस्थान पेट्रोलियमचा होता.

हें कोडें सोडविण्यास पुन्हां मंडई उपयोगी पडते. एका कुटुंबांतील थोरला भाऊ पुरंदर तालुक्यांत वाटाणा पिकवितो आणि धाकटा मंडईंत विकतो, असें समजावें. थोरला धाकट्याच्या नांवें माल मांडतांना गुलटेकडीचा त्या दिवशींचा भाव लावतो. भाव भडकला, थोरल्याच्या वहींत बक्कळ नफा दिसला. पण धाकट्यानें गिऱ्हाईकांना कालच्याच भावानें माल देण्याचें कबूल केलें असेल, तर त्याच्या वहींत तेवढाच किंवा त्याहून मोठा खड्डा पडतो. कुटुंबाची श्रीमंती दोन्ही वह्या एकत्र केल्यावरच कळावयाची. तेल-कंपन्यांत शुद्धीकरण हा थोरला भाऊ आणि पंप हा धाकटा. शुद्धीकरण-अंतर मोजतांना पेट्रोल-डिझेलला आंतरराष्ट्रीय भावाशीं निगडित किंमत लावतात. पंपावरची किंमत नव्हे. पंपावर तर एप्रिल २०२२ च्या पहिल्या आठवड्यानंतर कंपन्यांनीं आपल्या भावांत वाढ केली नव्हती. मे महिन्यांत ग्राहकाला जो उतार दिसला तो केंद्र सरकारनें उत्पादनशुल्क कमी केल्याचा होता. थोरल्याच्या वहींतला नफा आणि धाकट्याच्या वहींतला तोटा एकाच कारणांतून जन्मला होता.

पुढचा अंक ह्याच्या उलट झाला. हिंदुस्थान पेट्रोलियमचें शुद्धीकरण-अंतर २०२२-२३ ह्या वर्षीं सरासरी १२.०९ डॉलर होतें आणि वर्षाअखेर तोटा सुमारें ९,००० कोटी रुपये. २०२३-२४ मध्यें हें अंतर ९.०८ डॉलरांवर घसरलें, आणि नफा मात्र १४,६०० कोटी रुपयांच्या वर गेला. कच्चें तेल उतरलें होतें, पण पंपावरचे भाव मार्च २०२४ मध्यें दोन रुपयांनीं कमी होईपर्यंत हालले नव्हते. केवळ शुद्धीकरण-अंतर पाहून ज्यानें भाग विकले असतील त्यानें चुकीच्या वर्षीं विकले. आणि त्याच अंतरावरून ज्यानें ‘पहिल्या वर्षीं कंपनीनें लुटलें’ असें म्हटलें असेल, त्यानें चुकीच्या वर्षाला दोष दिला.

ह्यांत आणखी एक बारकावा आहे. सोमवारीं २० रुपयांनीं घेतलेला कांदा बुधवारीं ३० ची खरेदी चालू असतां विकला, तर गाळेवाल्याला जो जादा नफा होतो तो त्याच्या कौशल्याचा नव्हे, पडून राहिलेल्या मालाचा असतो. बाजार उतरला कीं तोच माल त्याला बुडवितो. तेल-कंपन्यांच्या टाक्यांत आणि वाटेवरच्या जहाजांत आठवडेच्या आठवडे पुरेल एवढा माल असतो. म्हणून भाव चढत्या तिमाहींत ढोबळ नफा फुगतो आणि उतरत्या तिमाहींत आकसतो. एका तिमाहीच्या आंकड्यावर कंपनीची परीक्षा करूं नये, ह्याचें हें एक सबळ कारण.

विजेकडे वळलें म्हणजे प्रकरण थेट घरांत येतें. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचें २००५ सालीं विभाजन होऊन वीज उत्पन्न करण्याचें, वाहून नेण्याचें आणि वितरणाचें काम निरनिराळ्या कंपन्यांकडे गेलें. पुणेकरांच्या घरीं बिल पाठविणारी महावितरण ही मंडईंतल्या गाळेवाल्यासारखी आहे. ती मुख्यतः वीज विकत घेते आणि विकते. तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा वीजखरेदीचाच असतो, म्हणून तिचें ढोबळ प्रमाण स्वभावतःच थोडें. तिलाहि घट आहे. तारांत तापून कांहीं वीज नाहींशी होते, कांहीं चोरीला जाते, कांहींचें बिलच होत नाहीं. १०० युनिटें घेऊन ८५ चेच पैसे आले, तर ४ रुपयांना घेतलेलें युनिट विकण्यापूर्वींच ४ रुपये ७० पैशांना पडतें. सडक्या दहा किलो कांद्याची किंमत उरलेल्या नव्वद किलोंवर चढावी, तसेंच हें आहे.

वीजखरेदीचा करार कसा आहे ह्यावर ढोबळ नफा कोणाच्या पदरीं पडावयाचा हें ठरतें. महाराष्ट्रानें ह्याचा अनुभव दाभोळच्या प्रकल्पांत घेतला. गुहागर तालुक्यांतील ह्या प्रकल्पासाठीं एन्रॉनप्रणीत दाभोळ पॉवर कंपनीशीं विद्युत् मंडळानें डिसेंबर १९९३ मध्यें करार केला. १९९५ त तो रद्द झाला, १९९६ त नव्या अटींवर पुन्हां झाला, आणि मे १९९९ मध्यें ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. करारांत किंमतीचे दोन भाग होते. एक भाग केंद्र तयार ठेवल्याबद्दलचा, वीज उचलली न उचलली तरी द्यावयाचा. दुसरा इंधनाचा, जेवढें जळेल तेवढा. इंधन महागण्याचा आणि रुपया घसरण्याचा भार मंडळावर होता. अशा करारांत उत्पादकाचा ढोबळ नफा जवळजवळ बांधलेला असतो, आणि सारा हेलकावा खरेदीदाराच्या गल्ल्यांत येतो. उदाहरणार्थ, ठरीव रक्कम १०० रुपये आणि इंधन युनिटमागें ३ रुपये धरलें, तर १०० युनिटें उचलणाऱ्याला युनिट ४ रुपयांना पडतें. त्यानें महाग म्हणून ४० च उचललीं, तर तेंच युनिट ५ रुपये ५० पैशांना पडतें. महाग म्हणून कमी घ्यावी आणि कमी घेतली म्हणून आणखी महाग व्हावी, असा हा फेरा होता. मे २००१ मध्यें मंडळानें तेथली वीज घेणें थांबविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंत एन्रॉन कंपनीनेंच दिवाळखोरी जाहीर केली. ज्या उत्पादकाचा नफा कागदावर इतका सुरक्षित होता, त्याचा खरेदीदारच पैसे देण्यास असमर्थ ठरला, तेव्हां ती सुरक्षितता कागदावरच राहिली.

आज वीजदर महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग ठरवितो. योग्य वाटलेला खर्च आणि भागभांडवलावर ठराविक परतावा मिळून दर बसविले जातात. म्हणून वितरण कंपनीचा ढोबळ नफा पाहून ती नफेखोर कीं दरिद्री हें सांगतां येत नाहीं. मंजूर झालेला खर्च खरोखर आवश्यक होता काय, आणि घट किती मान्य केली, हे प्रश्न तेथें महत्त्वाचे. २००३ च्या वीज कायद्यानें दरवाढीच्या प्रस्तावावर सूचना व हरकती मांडण्याचा अधिकार सामान्य ग्राहकाला दिला आहे. हरकत घेणाऱ्याला आधीं आपलें बिल वाचतां आलें पाहिजे. त्यावरील ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ हे गाळ्याचें भाडें आणि टेंपो ह्यांच्या जातीचे, ‘वीज आकारां’त मुख्यतः मालाची किंमत, आणि ‘इंधन समायोजन आकार’ म्हणजे दर ठरल्यानंतर खरेदींत झालेली चढउतार. ‘वीज शुल्क’ सरकारचें, कंपनीच्या नफ्याशीं त्याचा संबंध नाहीं.

भाग घेणाऱ्यानेंहि असाच क्रम ठेवावा. आपल्याकडील कंपन्यांच्या वार्षिक हिशेबांत ‘ढोबळ नफा’ अशी ओळ बहुधा छापलेली नसते. वापरलेला कच्चा माल, विक्रीसाठीं घेतलेला तयार माल आणि साठ्यांतील चढउतार ह्यांचे आंकडे खर्चाच्या यादींत वेगवेगळे असतात. उत्पादनशुल्क बाजूला काढून ते विक्रींतून वजा करावे लागतात. ह्याला अर्धा तास पुरतो. मग तोच हिशेब मागच्या चार-पांच वर्षांचा करावा, आणि तुलना करावयाची तर शुद्धीकरणवाल्याची शुद्धीकरणवाल्याशीं, वितरकाची वितरकाशीं करावी. त्याखालीं व्याज आणि घसारा ह्यांचे आंकडे पाहावे. ढोबळ नफा मोठा आणि व्याज त्याहून मोठें असेल, तर ती कंपनी सावकाराचा धंदा चालवीत आहे, आपला नव्हे. शेवटीं विक्रीचा भाव कोण ठरवितो हें विचारावें: बाजार, आयोग, कीं सरकार.

मंडईंतील गाळेवाल्याला हे सारे प्रश्न पाठ असतात. माल काय भावानें पडला, घट किती गेली, भाडें-व्याज किती, आणि आज भाव आपल्या हातांत आहे कीं नाहीं, हें तो दिवा मालवण्यापूर्वीं रोज मोजतो. त्याच्याशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालणाऱ्या गृहस्थानें, निवृत्तीची पुंजी वीज-तेलाच्या कंपनींत घालतांना किंवा बिलावर हरकत घेतांना, निदान हे चार प्रश्न तरी तितक्याच हट्टानें विचारावेत.